प्रत्येक खाज ॲलर्जी नसते

अंगावर गांधी उठू लागल्या की माणसाला हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो. ‘एकदा ॲलर्जीची संपूर्ण तपासणी करून टाका. कशाने होतंय ते कळेल, ते खाणं बंद करा, रोग मुळापासून जाईल. गोळ्या घेत बसलात तर तो नुसता आत दाबला जाईल.’ हे शेजारी सांगतात, कचेरीतले सहकारी सांगतात, रक्ततपासणीच्या जाहिराती सांगतात आणि काही डॉक्टरही सांगतात. सल्ला शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात मुळाशी जाण्याची भाषा आहे. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात रुग्णाचं भलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण मी त्वचारोगांची डॉक्टर आहे, या सल्ल्याची फळं घेऊन आलेली माणसं सतत पाहते, आणि तो चुकीचा आहे हे मला स्पष्टपणे मांडायचं आहे. तो दोनदा चुकतो. समोरचं पुरळ कसलं आहे हे ठरवण्याआधीच त्याचं कारण शोधायला निघतो, ही पहिली चूक. आणि खरोखरच गांधी असल्या, तरी कारण जिथे नसतं तिथेच ते शोधत राहतो, ही दुसरी.

पहिल्या चुकीपासून सुरुवात करते. गांध म्हणजे काय, हे घरबसल्याही बरंचसं ओळखता येतं. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन वैद्यकाने विद्यार्थिदशेत, १८७८ साली, त्या पहिल्यांदा नीट वर्णन केल्या. त्यांच्या पोटात हिस्टामिनसारखी रसायनं भरलेली असतात. ती बाहेर पडली की बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं आणि त्वचेला उंचवटा येतो. खाज सुटते. मग ते पाणी शोषलं जातं आणि उंचवटा विरतो. म्हणूनच खऱ्या गांधीची ओळख तिच्या रूपापेक्षा तिच्या आयुष्यात आहे: एखादी गांध एका जागी सहसा २४ तास टिकत नाही, आणि जाताना मागे डाग, खपली, कोंडा काहीच ठेवत नाही. नवीन गांधी दुसरीकडे उठत राहतात, त्यामुळे रुग्णाला वाटतं की पुरळ आठवडाभर तसंच आहे. ‘डॉक्टर, चार दिवस झाले, हलायला तयार नाही’, असं तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. यावर उपाय साधा आहे. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढायचा, वेळ लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहायचं. गोल रिकामा असेल तर ती गांध होती. आतलं पुरळ जागच्या जागी असेल तर दुसरं काहीतरी आहे, आणि मग ‘ॲलर्जी कशाची’ हा प्रश्न विचारायची वेळ अजून आलेली नाही.

या एका वर्तुळाने किती गोष्टी वेगळ्या होतात, हे कमरेच्या उदाहरणावरून पाहा. परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथे खाज येणाऱ्या बायका आमच्याकडे फार. जवळजवळ प्रत्येकीला आधी कोणीतरी ‘ॲलर्जी’ असं सांगितलेलं असतं. त्या एकाच पट्ट्यात निदान तीन वेगळे आजार असू शकतात. एकीची त्वचा नाडी सोडल्यावर फुगते, लाल रेघ उठते आणि अर्ध्या-एक तासात सगळं सपाट होतं. तिच्या पाठीवर बोथट टोकाने रेघ ओढली तर काही मिनिटांत तीही तशीच वर येते. ही दाबाने, घासण्याने येणारी गांध. दुसरीची त्वचा तिथे जाड, काळसर, खरखरीत झालेली असते, रात्री बसल्या बसल्या खाजवायची सवय जडलेली असते, आणि हे महिनोन्‌महिने हलत नाही. हे इसब. तिसरीला गोल कडा असलेला चट्टा आहे, कडेला बारीक पुळ्या आणि कोंडा, मधला भाग बरा होत चाललेला, आणि चट्टा दर आठवड्याला पसरतोय. हा नायटा, म्हणजे बुरशी. तिघींचे उपचार एकमेकींपासून पूर्ण वेगळे आहेत. पहिलीला नाडी सैल करणं, रुंद पट्टा वापरणं आणि हिस्टामिनविरोधी गोळी. दुसरीला काही काळ स्टिरॉइड मलम आणि भरपूर मॉइश्चरायझर. तिसरीला स्टिरॉइड मलम दिलं तर अनर्थ होतो. तिघींच्या हाती ‘ॲलर्जी’ एवढीच चिठ्ठी दिली, तर निदान एकीचं तरी नुकसान ठरलेलं.

हे नुकसान किती मोठं आहे, ते आपल्या देशात आता दिसतंय. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेल्या ट्यूबा केमिस्टकडे ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मागितल्या जातात आणि मिळतात. नायट्यावर त्या लावल्या की स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी आत निवांत पसरते. चट्ट्याची ओळखीची गोल कडा पुसून जाते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडं असलेली मलमं अनुसूची ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येऊ नयेत. तरीही ती विकली जातात. दरम्यान भारतात फोफावलेल्या, टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० साली स्वतंत्र नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्या नावात आपल्या देशाचं नाव आहे, आणि मला त्याची लाज वाटते. एकेका घरातली पाच-पाच माणसं वर्षवर्ष नायट्याने खाजवत आहेत, कारण सुरुवातीला कोणीतरी न पाहताच ‘ॲलर्जी आहे, ही ट्यूब लावा’ म्हटलं होतं.

न पाहण्याचंही एक कारण आहे आणि ते आपल्या रंगाशी निगडित आहे. पुस्तकांतली गांधींची चित्रं बहुतांश गोऱ्या त्वचेवरची. त्यांत गुलाबी-लाल उंचवटे ठळक दिसतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर गांध बऱ्याचदा त्वचेच्याच रंगाची दिसते, कधी आजूबाजूपेक्षा फिकट. तिची लाली शोधत बसलात तर ती सापडणार नाही. बाजूने उजेड टाकून पाहावं लागतं, बोट फिरवून उंचवटा चाचपावा लागतो. उलट आपल्या त्वचेवर जुना दाह तपकिरी डाग मागे सोडतो, त्यामुळे किडा चावल्याचे जुने डाग आणि ताज्या गांधी एकत्र दिसून घोटाळा होतो. लहान मुलांच्या पायांवर, हातांवर डास-पिसवांच्या चाव्याने उठणारे घट्ट, खाजरे दाणे ही पावसाळ्यातली अगदी रोजची गोष्ट. ते दिवसेंदिवस टिकतात, डाग सोडतात, आणि नवा चावा झाला की जुनेही पुन्हा फुलतात. त्या मुलांना दूध बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद असं पथ्य लावलेलं मी पाहिलं आहे. त्यांना मच्छरदाणी हवी होती.

आता दुसऱ्या चुकीकडे येते. समजा, खरोखरच गांधी आहेत. मग तरी कारण शोधायला नको का? विरोधी बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तो टाळून चालणार नाही.

शोधायला हवं, पण कुठे आणि कसं, हे त्रासाच्या वयावर ठरतं. सहा आठवड्यांच्या आतला त्रास म्हणजे तात्कालिक. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास साधारण पाचातल्या एका माणसाला होतो. त्याची कारणं बहुतेक वेळा रुग्णाला विचारूनच कळतात. मुलांमध्ये सर्वांत जास्त वेळा कारण असतं साधा विषाणूजन्य ताप-सर्दी. मोठ्यांमध्ये औषधं: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, प्रतिजैविकं. कधी एखादा पदार्थ. पदार्थामुळे होणारी खरी ॲलर्जी घड्याळ पाळते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी येतात, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा येतात. अशी गोष्ट रुग्णाने सांगितली तर त्या एका पदार्थाची त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी अवश्य करावी. तिथे ती उपयोगाची आहे, आणि ते नाकारणं अन्यायाचं होईल.

पण ॲलर्जीच्या ‘संपूर्ण तपासणी’चं पॅनेल विकलं जातं ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांना. ज्यांना सहा आठवड्यांहून अधिक काळ, रोज किंवा दिवसाआड, सकाळी, मध्यरात्री, कशाही वेळी गांधी येतात त्यांना. याला दीर्घकालीन उत्स्फूर्त अर्टिकेरिया म्हणतात. कोणत्याही वेळी साधारण शंभरात एकाला तो असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुप्पट. या माणसांच्या मास्ट पेशी बाहेरच्या कुठल्या पदार्थाने क्वचितच भडकतात. १९९३ साली मिचिहिरो हिडे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यांतल्या काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशींवरच्या ग्राहकांविरुद्धच (रिसेप्टरांविरुद्धच) प्रतिपिंडं असतात. शरीर स्वतःच्याच पेशींना डिवचतं. पुढे असंही दिसलं की काहींच्या शरीरातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडली जाणारी, प्रतिपिंडं त्यांच्याच थायरॉइडमधल्या घटकांविरुद्ध असतात. म्हणजे शंभर-दोनशे पदार्थांच्या त्या लांबलचक पॅनेलमध्ये गव्हापासून झुरळापर्यंत सगळं असतं, पण या रुग्णाच्या त्रासाचा रकानाच त्यात नसतो.

तरीही त्या पॅनेलमध्ये काही ना काही ‘पॉझिटिव्ह’ येतंच. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडणं याचा अर्थ शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे, इतकाच. तो खाल्ल्यावर त्रास होतो असा त्याचा अर्थ होत नाही. कोळंबीचं उदाहरण बोलकं आहे. घरातल्या धुळीतले सूक्ष्म कोळीकीटक, झुरळं आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाचं रक्त म्हणूनच कोळंबीलाही पॉझिटिव्ह दाखवू शकतं, मग तो माणूस दर रविवारी कोळंबीचं कालवण खाऊन खुशाल असो. आणि पदार्थांविरुद्धची आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी पॅनेलं तर त्याहून वाईट. आयजीजी म्हणजे तो पदार्थ आपण खात आलो आहोत याची खूण. युरोपमधल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ साली ही चाचणी अन्नाची ॲलर्जी ओळखण्यासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याकडे ती आकर्षक रंगीत अहवालात, लाल-पिवळ्या पट्ट्यांसह मिळते.

‘बरं, पण करून घेण्यात नुकसान काय?’ हा पुढचा प्रश्न. जास्तीत जास्त पैसे जातील, असं लोक म्हणतात. नाही, त्याहून बरंच काही जातं. अहवालात दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, मसूर, वांगं, टोमॅटो लाल पट्टीत आलेली बाई घरी जाऊन ते सगळं सोडते. शाकाहारी घरात त्यानंतर प्रथिनांचं म्हणून ताटात काय उरतं? ती अशक्त होते, केस गळतात, आणि गांधी तशाच येत राहतात, कारण त्या पदार्थांचा त्यांच्याशी संबंधच नव्हता. मग ती स्वतःला दोष देते: परवा लग्नात थोडं दही खाल्लं म्हणून झालं असेल. सासरचेही तिलाच दोष देतात. त्यातून काही महिन्यांनी आजार आपोआप ओसरला (आणि बहुतेकांत तो काही वर्षांत ओसरतोच) तर श्रेय पथ्याला मिळतं आणि पुढच्या दहा जणींना तेच पथ्य सांगितलं जातं. वाढत्या मुलांना असं पथ्य लावणं तर मला अक्षम्य वाटतं.

किनारपट्टीवर आणखी एक चुकीचा शिक्का बसतो, आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी पकडल्यानंतर बर्फात नीट ठेवली नाही तर जीवाणू तिच्या मांसातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून जात नाही. अशी मासळी खाल्ली की थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांधीही येतात. हुबेहूब ॲलर्जी. पण ही विषबाधा आहे. एकच प्रश्न ती उघडी पाडतो: त्याच ताटात जेवलेल्या आणखी कोणाला त्रास झाला का? ‘हो, जावेलाही झाला’ असं उत्तर आलं तर संशयाचा रोख त्या दिवशीच्या मासळीवर जातो. तो प्रश्न विचारला नाही म्हणून मालवणात जन्मलेला माणूस उरलेलं आयुष्य बांगड्याशिवाय काढतो.

औषधांचंही तसंच होतं. तापाच्या मुलाला प्रतिजैविक दिलं जातं, तिसऱ्या दिवशी तापामुळेच अंगावर गांधी येतात, आणि फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलं जातं. परदेशांतल्या अभ्यासांत असा शिक्का असलेल्या लोकांची रीतसर चाचणी केली, तेव्हा दहांतले साधारण नऊ जण पेनिसिलिन निर्धास्त घेऊ शकतात असं आढळलं. शिक्क्याची किंमत तो मुलगा मोठेपणी मोजतो, जेव्हा खऱ्या गंभीर संसर्गात त्याला साधं, प्रभावी औषध नाकारून महागडं आणि कमी योग्य औषध दिलं जातं.

याउलट नीट विचारपूस काय देऊ शकते ते पाहा. विहिरीत पोहून वर आल्यावर, किंवा डिसेंबरच्या पहाटे मोटरसायकलवर चेहऱ्याला आणि हातांना गांधी येतात असं कोणी सांगितलं, की हातावर बर्फाचा तुकडा पाच मिनिटं ठेवून पाहायचा. त्या चौकोनातच गांध उठली तर ही थंडीची गांध, आणि त्या माणसाला थंड पाण्यात सूर मारणं जिवावर बेतू शकतं हे सांगणं कुठल्याही अहवालापेक्षा मोलाचं. व्यायाम, ऊन, तिखट जेवण यांनी अंगभर मोहरीएवढे बारीक उंचवटे येऊन अर्ध्या तासात जातात, ती घामाशी जोडलेली गांध. तिला घामोळं समजून पावडर फासली जाते. दिवसभर जड पिशवी खांद्यावर घेतल्यावर किंवा वारीत खूप चालल्यावर काही तासांनी खांदे, तळवे दुखरे सुजतात, ती दाबाची. पोळी खाऊन लगेच मैदानावर धावलेल्या मुलाला गांधी आणि धाप. नुसती पोळी खाल्ली तर काही नाही, नुसता धावला तरी काही नाही. गहू आणि श्रम एकत्र आल्यावरच उसळणारी ही ॲलर्जी गंभीर असते. तिची शंका येते ती विचारपुशीतूनच, आणि मग नेमकी गव्हातल्या एका प्रथिनाची चाचणी मागवता येते. चाचणीचा योग्य वापर हा असा असतो.

घरातल्या जुन्या समजुतींबद्दलही बोलायला हवं. ‘पित्त उठलं’ म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या घेणं, आंबट-तिखट सोडणं फार सर्रास आहे. जठरातल्या आम्लाचा गांधींशी संबंध नाही. आणि ज्यांना आयुर्वेदाचा आधार हवा आहे त्यांनी माधवनिदान उघडून पाहावं. तिथे शीतपित्ताची, म्हणजे गांधींची, सुरुवात थंड वाऱ्याच्या स्पर्शाने बिघडलेल्या कफ आणि वातापासून सांगितली आहे, पित्त त्यांच्या जोडीला येतं, आणि सूज गांधीलमाशी चावल्यासारखी असते असं नेमकं निरीक्षण आहे. जुन्या वैद्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. त्यांच्या नावावर आज ‘पोटातली उष्णता’ खपवली जाते. आमसुलाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, थंडाव्याने खाज घटकाभर शमते. मात्र थंडीनेच गांधी येणाऱ्याला त्याने त्रास वाढेल.

‘गोळ्या फक्त दाबतात, सवय लागते’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण त्यामुळे माणसं रात्ररात्र विनाकारण खाजवत बसतात. लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या नव्या पिढीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. त्या हिस्टामिनचा ग्राहक अडवतात, म्हणजे थेट गांध होण्याच्या यंत्रणेवरच काम करतात. मात्र त्या नियमित घ्यायच्या असतात, खाज आल्यावर एखादी नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टरच्या देखरेखीखाली डोस चौपटीपर्यंत वाढवता येतो. तरीही नाही भागलं तर ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१४ साली या आजारासाठी मान्य झालेलं. ते महाग आहे, हे खरं. याच तत्त्वांमध्ये सुरुवातीच्या तपासण्या म्हणून काय सांगितलंय? रक्तपेशींची मोजणी आणि दाह दाखवणारी ईएसआर किंवा सीआरपी. तज्ज्ञाकडे गेल्यावर एकूण आयजीई आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंड. पदार्थांचं पॅनेल तिथे नाही. ज्या गोष्टीला मी खरोखर ‘दाबणं’ म्हणेन ती वेगळीच आहे: दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन डेक्सामेथासोनचं इंजेक्शन घेणं, किंवा बीटामेथासोनच्या गोळ्या महिनोन्‌महिने परस्पर खाणं. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. या गोळ्यांबद्दल कोणी ‘सवय लागेल’ म्हणत नाही, कारण गुण झटपट येतो. आणि जुन्या, गुंगी आणणाऱ्या क्लोरफेनिरामीनसारख्या गोळ्या एसटीचालकाला किंवा परीक्षेला बसलेल्या मुलीला रोज देणं मला पटत नाही.

ओपीडीत शंभर रुग्ण रांगेत असताना एवढी विचारपूस कोण करणार, असं माझे सहव्यवसायी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्यातलं बरंचसं काम रुग्ण घरी करू शकतो. गांधी बहुतेकदा दवाखान्यात येईपर्यंत गेलेल्या असतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून आणावेत, एकाच जागेचे सलग दोन दिवस. आठवडाभर रोज दोन आकडे लिहावेत. गांधी किती: काहीच नाही तर ०, विसापेक्षा कमी १, पन्नासपर्यंत २, त्याहून जास्त ३. खाज किती: ० ते ३. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते, आणि तिच्यावरून औषध पुरतंय की नाही हे कळतं. जगभरचे तज्ज्ञ हीच बेरीज वापरतात आणि तिला वहीच्या एका पानाचाच खर्च आहे. सोबत अलीकडे घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोकेदुखीच्या गोळीसकट.

काही खुणा मात्र सगळ्यांनी पाठ कराव्यात, कारण तिथे थांबणं धोक्याचं आहे. गांधींसोबत आवाज घोगरा झाला, घशात आवळल्यासारखं झालं, धाप लागली, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर ही ॲनाफिलॅक्सिस आहे. तिच्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. ते स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. फेनिरामीन आणि डेक्सामेथासोन टोचून ‘बघू अर्धा तास’ म्हणणं इथे चालत नाही. नुसते ओठ, जीभ सुजले आहेत, खाज नाही, एकही गांध नाही, आणि माणूस रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेतोय, तर ती गोळी बंद व्हायला हवी. ॲलर्जीच्या गोळीचा तिथे उपयोग नाही. लहानपणापासून अशी सूज आणि घरात आणखी कोणाला असेल तर तो आनुवंशिक आजार, त्यालाही ॲलर्जीच्या उपचारांनी गुण येत नाही. गांध दोन-दोन दिवस टिकते, खाजेपेक्षा जळजळते आणि जांभळट डाग सोडते, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो, त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. सत्तरीच्या आजोबांना महिनोन्‌महिने खाजरे, न हलणारे चट्टे आहेत आणि आता त्यांवर घट्ट फोड येऊ लागले, तर पेम्फिगॉइड हा फोडांचा आजार असू शकतो. आणि रात्री घरातले सगळेच खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत दाणे असतील, तर ती खरूज. तिच्या औषधाची एक फेरी पूर्ण घराने एकाच रात्री घ्यायची असते.

माझी मागणी मोठी नाही. चिठ्ठीवर ‘ॲलर्जी’ असा मोघम शब्द लिहिण्याआधी डॉक्टरने पुरळ उजेडात पाहावं, बोटाने चाचपावं आणि ‘एक चट्टा एका जागी किती वेळ राहतो’ हा प्रश्न विचारावा. लक्षणांचा विचार न करता गांधींच्या रुग्णांना पदार्थांची पॅनेलं विकणं प्रयोगशाळांनी बंद करावं. केमिस्टने मिश्र ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये; कायदाही तेच सांगतो. आणि ज्यांच्या कपाटात असा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा अहवाल पडून आहे, त्यांनी तो घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि यातलं नेमकं काय आपल्याला लागू आहे ते विचारावं. पदार्थ खाल्ल्यावर पूर्वी कधी गंभीर त्रास झाला असेल तर तो पदार्थ स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बाकीच्यांपैकी पुष्कळांना त्या दिवसापासून दूध, डाळ, बांगडा पुन्हा ताटात घेता येईल.